रॉबर्ट आर्डेनच्या घरातली एकुलती एक उशी

९ डिसेंबर १५५६. इंग्लंडच्या वॉरिकशायर परगण्यातलं विल्मकोट हे लहानसं गाव, स्ट्रॅटफर्डपासून तीन-एक मैलांवर. रॉबर्ट आर्डेन नावाचा शेतकरी वारला होता. त्याच्या मृत्युपत्रावर २४ नोव्हेंबरची तारीख आहे, म्हणजे त्याला जाऊन फार तर दोन आठवडे झाले असतील. त्या दिवशी त्याच्या घरादाराची यादी झाली. टेबलाच्या फळ्या, खुर्च्या, चादरी, कढया, कुऱ्हाडी, बैल, मधमाश्या, छपरात टांगलेलं डुकराचं मांस असं एकेक मोजून प्रत्येकापुढे किंमत लिहिली गेली. हा कागद टिकला.

टिकला यामागे एक कारण आहे, ते आधीच सांगून टाकू. रॉबर्टच्या सर्वांत धाकट्या मुलीचं, मेरीचं, पुढे स्ट्रॅटफर्डच्या जॉन शेक्सपिअरशी लग्न झालं आणि १५६४ साली तिला विल्यम झाला. आजोबा त्याआधीच गेले होते. नातू मोठा निघाला म्हणून संशोधकांनी आजोबांची यादी शोधली, वाचली, छापली. नाहीतर अशा यादीकडे कोण बघतं? मला मात्र नातवापेक्षा ही यादीच जास्त गुंतवते. साडेचारशे वर्षांपूर्वीचं इंग्रज शेतकऱ्याचं घर आतून कसं होतं, कुठे काय ठेवलेलं असे, कशाला मोल होतं आणि कशाला नव्हतं, हे तिच्यात आकड्यांत लिहिलेलं आहे. ती नीट वाचली की आपल्या डोक्यातलं 'ट्यूडर घर', म्हणजे सोळाव्या शतकातल्या ट्यूडर राजघराण्याच्या काळातलं घर, बऱ्यापैकी विस्कटतं. काळ्या लाकडाच्या पट्ट्या, पांढऱ्या भिंती, कोरीव पलंग आणि भलंमोठं ओक टेबल असलेलं ते घर आर्डेनचं नव्हतं.

आधी हिशेब

मृताच्या वस्तूंची यादी करून ती धर्मपीठाच्या न्यायालयात द्यायची, ही रीत तिकडे जुनी. आठव्या हेन्रीच्या काळात, १५२९ साली, कायद्यानं तिला नीट चौकट दिली. घर आणि जमीन यादीत धरत नसत, कारण त्यांचा वारसा वेगळ्या वाटेनं जाई. उचलून नेता येईल, विकता येईल, वाटता येईल ते यादीत. म्हणजे हा घराचा नकाशा नाही. पण मोजणारी माणसं घरात एका बाजूनं शिरतात आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतात, त्यामुळे त्यांच्या पावलांवरून नकाशा थोडाफार उमटतो. आर्डेनकडे ती आधी हॉलमध्ये गेली, चेंबर म्हणजे आतल्या खोलीत गेली, स्वयंपाकघरात गेली, मग औजारं आणि पिंपं, मग गोठा, कोठार, अंगण आणि शेवटी शेत.

पैशाचं गणित आपल्या जुन्या रुपये-आणे-पैसारखं लक्षात ठेवावं. वीस शिलिंगांचा पौंड, बारा पेन्सांचा शिलिंग. यादीची एकूण बेरीज ७७ पौंड ११ शिलिंग १० पेन्स. गावाच्या मानानं हा माणूस खाऊनपिऊन सुखी होता. आठ बैल, दोन गोऱ्हे, सात गायी आणि चार वासरं मिळून २४ पौंड. चार घोडे आणि तीन शिंगरं ८ पौंड. पन्नास मेंढ्या ७ पौंड. कोठारातला गहू आणि सातू १८ पौंड.

आणि घरातलं सामान? हॉलचं फर्निचर, चादरी, गाद्या, भिंतीवरची कापडं, भांडीकुंडी, त्यावर कुऱ्हाडी-कुदळी आणि पिंपंही घरातच धरली, तरी सगळं मिळून ६ पौंड ११ शिलिंग २ पेन्स. एकूण मालमत्तेचा जेमतेम बारावा हिस्सा.

याच यादीत आणखी एक आकडा आहे: शेतात पेरलेला गहू, ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. डिसेंबरात हा गहू म्हणजे शरदात पेरलेलं, वीतभरही न वाढलेलं हिरवं पीक. ते पीक आणि अख्ख्या घरातलं सामान यांची किंमत जवळपास सारखी, उलट पीकच दोन शिलिंगांनी वरचढ. मृत्युपत्रात रॉबर्टनं विल्मकोटमधली 'अ‍ॅस्बीज' नावाची जमीन, तिच्यावर जसं पेरलेलं आहे तशा पिकासकट, मेरीला दिली. वर रोख ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. योगायोग वाटेल असा तोच आकडा पुन्हा आला, पण त्यामागे गोष्ट साधी आहे: हिशेबाला तिकडे 'मार्क' नावाचं एकक होतं, १३ शिलिंग ४ पेन्सांचं, आणि ही रक्कम म्हणजे बरोबर दहा मार्क. लोक दहा मार्कांत विचार करत, जसे आपले आजोबा शेकड्यात करायचे.

त्या दोन वर्षांची आणखी एक गोष्ट हिशेबात घ्यायला हवी. १५५५ आणि १५५६ ही लागोपाठ दोन्ही वर्षं इंग्लंडात पीक बुडालं आणि धान्य भयंकर महागलं. कोठारातल्या गहू-सातूच्या १८ पौंडांत त्या महागाईचा वाटा नक्की असणार. दुष्काळी वर्षात घरातली खुर्ची कोण विचारतो.

आठ शिलिंगांचा हॉल

हॉल म्हणजे दिवाणखाना समजू नका. इंग्रज शेतकऱ्याच्या घरात हॉल हा घराचा मधला आणि सर्वांत मोठा भाग. जेवण तिथे, बसणं-उठणं तिथे, शेजारी आला तर तिथे, आणि जुन्या पद्धतीच्या घरात आगही तिथेच पेटलेली. आपल्या माजघराची आणि ओसरीची कामं त्यानं एकट्यानं केली असं म्हणता येईल. वर माळा नसे, थेट छप्पर. धूर वर चढायचा आणि कौलांच्या किंवा गवताच्या फटींतून वाट काढायचा.

आर्डेनच्या यादीत ओळ अशी आहे: अंगणातलं लाकूड आणि छपरातलं बेकन, ३० शिलिंग. नोव्हेंबरात डुक्कर कापायचं, खारवायचं आणि धुरात टांगायचं, ही तिकडची बेगमी. छपरात मांस टांगलंय म्हणजे छपरापर्यंत धूर पोहोचतोय. यादीत चुलीबद्दल किंवा धुराड्याबद्दल अवाक्षर नाही, पण ही एक ओळ त्या घराच्या हवेचा वास सांगते. यादी करणारे आत आले तेव्हा डोळे चोळत असतील.

हॉलमधलं सामान: टेबलाच्या दोन फळ्या, तीन खुर्च्या, दोन लांब बाकं, एक कपबोर्ड, बसायच्या दोन गिरद्या, तीन बैठे बाक आणि फळ्या असलेलं एक लहान टेबल. सगळ्याची किंमत ८ शिलिंग. पन्नास मेंढ्यांचे ७ पौंड, म्हणजे एक मेंढी पावणेतीन शिलिंगांहून थोडी महाग. हॉलचं सगळं फर्निचर विकलं तर तीन मेंढ्या आल्या नसत्या!

शब्दांनी इथे फसायला होतं. 'टेबल बोर्ड' म्हणजे शब्दशः फळी, लाकडी घोड्यांवर म्हणजे तिवयांवर टाकायची. जेवण झालं की फळी भिंतीशी उभी, घोडे बाजूला, खोली मोकळी. आपल्याकडे पाट मांडणं आणि पाट उचलणं जसं, तसंच. 'कपबोर्ड' म्हणजे मुळात दारं-कुलुपांचं कपाट नव्हे. पेले-भांडी मांडून ठेवायची ती उघडी फळी, नावाप्रमाणेच 'कप'चा 'बोर्ड'. आणि खुर्च्या तीनच. बाकीच्यांनी बाकावर. खुर्चीला पाठ आणि हात असत, ती घरच्या कर्त्याची. घरात माणसं किती असावीत? रॉबर्टला आठ मुली. त्यातल्या बऱ्याच उजवून झाल्या होत्या, पण अ‍ॅलिस आणि मेरी बहुधा घरीच होत्या. दुसरी बायको अ‍ॅग्नेस, तिच्या पहिल्या नवऱ्याची मुलं, शिवाय एवढा बारदाना म्हणजे गडीमाणसं आलीच. तीन खुर्च्यांवर कोण बसलं आणि बाकावर कोण दाटीवाटीनं, हे त्या घरात कुणी सांगावं लागत नसणार.

मृत्युपत्रात रॉबर्टनं तीन देखरेख्ये नेमले: गावातला अ‍ॅडम पामर, स्निटरफील्डचा ह्यू पोर्टर आणि जॉन स्कारलेट. (पामर हे आडनाव मराठीत उगाचच बापुडवाणं वाटतं. हा माणूस तसा नव्हता, चांगला शेतकरी होता.) वाटणी नीट करण्याच्या त्रासाबद्दल प्रत्येकाला २० शिलिंग. म्हणजे एकाच देखरेख्याची बिदागी हॉलमधल्या सगळ्या लाकडाच्या अडीचपट. लाकूड त्या भागात मुबलक, आर्डेनचं जंगल शेजारी, आणि सुतारी साधी. फर्निचर हा शब्द आज आपण ज्या मानानं वापरतो, तो मान लाकडाला अजून मिळायचा होता.

मान होता कापडाला

हॉलच्या पुढच्या ओळींत खरी गंमत सुरू होते. हॉलमध्ये दोन रंगवलेली कापडं, आतल्या खोलीत पाच, आणि पुढे बिछान्यांसोबत आणखी चार. एकूण अकरा.

श्रीमंतांच्या भिंतीवर टॅपेस्ट्री असत, लोकरीच्या धाग्यात विणलेली प्रचंड चित्रं, राजे-सरदारांना परवडतील अशी. त्यांची गरिबाघरची बहीण म्हणजे हे रंगवलेलं कापड. जाडंभरडं कापड, त्यावर रंगात चित्रं: बायबलातल्या कथा, कधी पुराणातले वीर, कधी वेलबुट्टी, बऱ्याचदा मधून एखादं बोधवचन. भिंतीच्या लाकडी चौकटीत कुडाच्या जागा, त्यातून वारं येई. कापडानं वारं अडे, खोली उबदार वाटे आणि घरातल्यांना बघायला काहीतरी मिळे. वाचता न येणाऱ्या घरातही उधळ्या पुत्राची गोष्ट अशी भिंतीवर टांगलेली असू शके. नातवाच्या नाटकांत अशा रंगीत कापडांचे उल्लेख आहेत. फाटक्या सैनिकांना तो रंगीत कापडावरच्या लाझरसची, बायबलातल्या भिकाऱ्याची, उपमा देतो. ते त्यानं नेमकं कुठे पाहिलं याचा शोध घेण्यात अर्थ नाही. असली कापडं त्या काळी घराघरांत, खानावळींत सगळीकडे होती. पण त्याच्या आईचं लहानपण या अकरा कापडांखाली गेलं, एवढं यादी सांगते.

हार्डविक हॉलसारख्या बड्या घरात थोडी टिकली तेवढीच. साध्या घरातली ही कापडं विटली, फाटली, पोती झाली. त्यामुळे आपल्या कल्पनेतल्या ट्यूडर घराच्या भिंती पांढऱ्याशुभ्र राहिल्या. खरं तर त्या अंगभर रंगलेल्या होत्या.

कापडांबरोबर सात जोड चादरी, दोन पेट्या आणि एक संदूक, मिळून १८ शिलिंग. टेबलावर घालायची पाच कापडं आणि तीन टॉवेल, त्यातला एक नक्षीदार विणीचा, ६ शिलिंग ८ पेन्स. फळी घोड्यावर टाकलेली साधी, पण तिच्यावर पसरायला पाच वस्त्रं. जेवणाआधी-नंतर हात धुवायचा रिवाज, म्हणून टॉवेल. आणि मग बिछाने: एक पिसांची गादी, दोन साध्या गाद्या, काही जाड्या चादरी, एक पांघरूण, तीन लोड, एक उशी, वर सांगितलेली चार रंगीत कापडं आणि आणखी एक संदूक, २६ शिलिंग ८ पेन्स.

या तीन ओळींची बेरीज ५१ शिलिंग ४ पेन्स होते. पेट्या-संदुकांचं लाकूड त्यात आलंय हे खरं, पण त्या पेट्याही कापड ठेवायलाच. समोर हॉलचं लाकूड ८ शिलिंग. घर सजवणं म्हणजे कापड जमवणं, हे इतक्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच दिसतं.

पलंग कुठे गेला?

बिछान्यांच्या ओळीपाशी थांबायला हवं. 'बेड' आहे, पण पलंग नाही. आपण आज 'बेड' म्हटलं की लाकडी सांगाडा डोळ्यांपुढे आणतो. त्या काळी बेड म्हणजे मुख्यतः वरचा भाग, गादी आणि अंथरूण-पांघरूण. पिसांची गादी हा 'बेड', खालचा सांगाडा दुय्यम. नातवानं १६१६ साली आपल्या मृत्युपत्रात बायकोला 'दुसऱ्या क्रमांकाचा बेड, त्याच्या फर्निचरसह' दिला, त्यावरून आजवर किती शाई सांडली! तिथेही फर्निचर म्हणजे खुर्च्या-टेबलं नव्हेत, त्या बेडचे पडदे, चादरी, पांघरुणं. शब्दांच्या या फरकाकडे लक्ष दिलं तर त्या ओळीत बायकोची थट्टा शोधणाऱ्यांचा उत्साह जरा कमी होईल.

आर्डेनकडे मग सांगाडे नव्हते का? असतील. साध्या फळ्यांचे, इतके किरकोळ की कुणाला मोजावेसे वाटले नाहीत, किंवा भिंतीत बसवलेले, म्हणून घराचाच भाग मानलेले. पण मूल्य गादीला होतं, हे नक्की.

आणि उशी. तीन लोड, एक उशी.

या एका उशीचा अर्थ कळायला वीस-एक वर्षं पुढे जावं लागतं. एसेक्समधल्या रॅडविंटर गावचा पाद्री विल्यम हॅरिसन यानं १५७७ साली आपल्या देशाचं वर्णन छापलं. त्यात गावातल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं त्यानं नोंदवलंय, की त्यांच्या डोळ्यांदेखत तीन गोष्टी कमालीच्या बदलल्या. पहिली, धुराडी. त्यांच्या तरुणपणी गावात दोन-तीन धुराडी असली तर असत, नाहीतर हॉलमध्येच आग. दुसरी, झोपण्याची सोय. ते लोक पेंढ्यावर झोपत आणि उशाला चक्क लाकडाचा ओंडका घेत. लग्नानंतर सात वर्षांत माणसानं एक गादी आणि डोकं टेकायला कोंड्याचं पोतं जमवलं तर त्याला वाटे आपण गावच्या जहागीरदाराइतके सुखात आहोत. उशी ही बाळंतिणीला शोभणारी चीज, असं समजलं जाई. तिसरी, भांडी: लाकडी थाळ्यांच्या जागी कथिलाच्या, लाकडी चमच्यांच्या जागी चांदीचे किंवा कथिलाचे.

म्हातारे थोडं वाढवून सांगत असतील. म्हाताऱ्यांना आपल्या हालअपेष्टांचा अभिमान असतो, आणि पाद्र्यालाही लोक ऐषारामी होत चालल्याची थोडी तक्रार करायचीच होती. पण आर्डेनच्या यादीशी हे ताडून पाहा. छपरात धूर पोहोचतोय. ओंडक्याचे दिवस मागे पडलेत, लोड आले आहेत, तीन गाद्यांना तीन. पिसांची गादी एक, बहुधा रॉबर्ट आणि अ‍ॅग्नेसची. उशी मात्र एकच, आठ मुलींच्या घरात. ती बाळंतपणांपुरती पेटीतून निघत असेल का? मला तसं वाटतं, सिद्ध मात्र करता येत नाही. कथिलाची एकही थाळी यादीत नावानं आलेली नाही. हॅरिसन ज्या बदलाचं वर्णन करतो, त्याच्या बरोबर उंबरठ्यावर हे घर उभं आहे.

तीन गाद्या आणि घरातली माणसं यांचा मेळ बसवायचा तर एकेका गादीवर दोघं-तिघं झोपत हे उघड आहे. बहिणी-बहिणी एका गादीवर, गडीमाणसं माळ्यावर नाहीतर कोठारात पेंढ्यावर. स्वतंत्र खोली, स्वतंत्र पलंग ही कल्पनाच त्या घराला परकी. आतली खोली होती, तिथे पाच रंगीत कापडं होती, म्हणजे ती घरातली चांगली खोली. पण ती 'बेडरूम' नव्हती. पेट्याही तिथे, मौल्यवान कापडही तिथे, आणि रात्री माणसंही तिथे.

स्वयंपाकघर आणि मोडीचा भाव

यादीतली घरगुती सामानाची सर्वांत जड ओळ स्वयंपाकघराची. चार पातेली, चार हंडे, तीन मेणबत्तीची घरं, एक घंगाळ, निखाऱ्यावर अन्न गरम ठेवायचं भांडं, दोन मोठ्या कढया, दोन लहान पायांची दांडीवाली भांडी, तवा, जाळी आणि भांडी आगीवर टांगायचे आकडे: ५१ शिलिंग ८ पेन्स. कापडांच्या बेरजेपेक्षा चार पेन्स जास्त, बस्स. तव्या-कढयांचं पारडं आणि चादरी-गाद्यांचं पारडं जवळजवळ समतोल, आणि खुर्च्या-टेबलं कुठल्या कुठे.

धातूला एवढं मोल का, हे मराठी घरात सांगावं लागू नये. पितळेचा हंडा चेपला, गळायला लागला तरी तो मोडीत जातो आणि मोडीचाही भाव येतो. लाकडी बाक मोडला की सरपण. इंग्रज शेतकऱ्याच्या हंड्यांचंही तसंच. हंडा आईकडून मुलीकडे, मुलीकडून नातीकडे जाई, मृत्युपत्रांत हंड्यांची नावं येतात, जशी आपल्याकडे आजीच्या पातेल्यावर नाव कोरलेलं असतं.

स्वयंपाकघरानंतरची ओळ मला सर्वांत आवडते, कारण ती कसलीच वर्गवारी मानत नाही. मांस भाजायची सळई, ती ठेवायचे लोखंडी घोडे, कुऱ्हाड, कोयता, चार गिरमिटं, दोन हातकुऱ्हाडी, वाकस, कुदळ, पहार, एक मोठं पिंप, चार लहान पिंपं, चार बादल्या, जातं, काठवट, लांब चाळण, करवत. २० शिलिंग २ पेन्स. करवत आणि काठवट शेजारी! यादी करणारा कदाचित पडवीसारख्या जागेत उभा होता आणि भिंतीला जे टेकलेलं दिसलं ते बोलत गेला. पण त्यातूनच घराचा हा भाग दिसतो. जातं दळायला. काठवट कणीक मळायला, पाव घरीच. पिंपं एल गाळायला. ती सातूची पातळ दारू लहानथोरांचं रोजचं पेय होतं. मागे कोठारात सातू आहेच. आणि वाकस-गिरमिटं म्हणजे हा माणूस, निदान त्याचे गडी, लाकूडकाम स्वतः करत. हॉलमधल्या बाकांची किंमत आठ शिलिंगच का, याचं एक उत्तर या ओळीत आहे.

घराचा हा मागचा भाग समोरच्या हॉलहून किती जास्त कामाचा होता! आज आपण वारसा म्हणून जे घर दाखवायला उघडतो, त्यात दिवाणखाना सजवतो आणि सांदवाडीला टाळं लावतो. आर्डेनच्या यादीप्रमाणे जायचं तर उलटं करायला हवं.

यादीत जे आलं नाही

काही गोष्टींच्या नसण्याला अर्थ आहे, काहींच्या नाही, आणि दोन्हींत गल्लत होते. पुस्तक नाही, घड्याळ नाही, चांदी नाही, आरसा नाही. यावरून घर उघडंबोडकं होतं असं म्हणणं घाईचं. चमचे नाहीत, थाळ्या नाहीत, म्हणून ते हातावर जेवत असं कुणी म्हणणार नाही; लाकडी थाळ्या मोजण्याजोग्या नव्हत्या, इतकंच. मुलांचं काही नाही. पाळणा नाही, तो उजवलेल्या एखाद्या मुलीच्या घरी गेला असेल.

सर्वांत महत्त्वाचा पुरावा मृत्युपत्रात आहे. अ‍ॅलिसला रॉबर्टनं सर्व मालाचा तिसरा हिस्सा दिला, आणि पुढे जोडलं: तिच्याकडे आज तिचं स्वतःचं जे आहे त्याखेरीज. म्हणजे घरात मुलीची स्वतःच्या मालकीची चीजवस्तू होती, आणि ती बापाच्या यादीत येण्याचं कारण नव्हतं. अ‍ॅग्नेसचंही तसंच काही असणार, ती तर आधीच्या संसारातून आलेली. आपण वाचतो ती रॉबर्टची यादी. घरात याहून जास्त सामान होतं, पण ते कुणाचं, हे घरातल्यांनाच ठाऊक.

अ‍ॅग्नेसबद्दल मृत्युपत्रातली अट जरा टोचते. तिला दहा मार्क, पण तिनं अ‍ॅलिसला विल्मकोटच्या त्यांच्या जमिनीचा अर्धा भाग सुखानं भोगू दिला तरच. नाहीतर पाच. सावत्र आई आणि मुलगी यांच्यात काय होतं ते कागद सांगत नाही, पण मरणाऱ्याला काळजी होती. त्याच हॉलमध्ये, त्याच तीन खुर्च्यांभोवती या बायका पुढे राहणार होत्या. आणि कार्यवाह कोण, तर अ‍ॅलिस आणि मेरी. बायको नव्हे.

आणखी एक कलम सांगतो आणि पुढे जातो. अ‍ॅस्टन कॅन्टलोच्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या चर्चच्या हद्दीत, ज्या घरी नांगराची जोडी नाही, अशा प्रत्येक घराला चार पेन्स. आर्डेनकडे आठ बैल, म्हणजे तिकडच्या हिशेबानं एक पुरी नांगरजोड. त्याच्या दृष्टीनं गावात दोन प्रकारची घरं होती, आणि त्यांतला फरक गादी-खुर्चीवरून तो मोजत नव्हता.

मग घर कुठलं?

आता या प्रकरणातला सगळ्यात गमतीचा भाग. १८व्या शतकाच्या अखेरीस जॉन जॉर्डन नावाच्या स्थानिक कवी-वाटाड्यानं विल्मकोटमधल्या एका देखण्या, काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटीच्या घराकडे बोट दाखवून सांगितलं, हेच मेरी आर्डेनचं घर. लोकांनी मानलं. १९३० साली शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टनं ते घर घेतलं, प्रवासी येत राहिले, फोटो काढत राहिले. शेजारीच 'ग्लीब फार्म' नावाचं विटांनी झाकलेलं साधंसुधं घर होतं, तेही ट्रस्टनं १९६८ साली घेतलं, मुख्यतः आसपासचा परिसर शाबूत राहावा म्हणून.

२००० साली जमिनीच्या जुन्या नोंदी बारकाईनं तपासल्या तेव्हा निघालं, की आर्डेनचं घर म्हणजे हे शेजारचं ग्लीब फार्म. विटांच्या आत जुनी लाकडी चौकट शाबूत होती. लाकडातली वाढीची कडी मोजून तिचा काळ ठरला, १५१४च्या सुमाराचा. म्हणजे यादी करणारे १५५६ साली ज्या घरात शिरले ते तेव्हा चाळिशीचं होतं, पुरतं धुरकटलेलं. बाहेरून विटांचं झाल्यामुळे ते कुणाला 'जुनं' वाटलंच नाही.

मेरीच्या वाट्याला आलेली अ‍ॅस्बीजची जमीन फार काळ टिकली नाही. नवरा अडचणीत आला आणि १५७८ साली ती ४० पौंडांना मेव्हण्याकडे, मेरीच्या बहिणीच्या नवऱ्याकडे, गहाण पडली. कोर्टकज्जे झाले, जमीन परत आली नाही. हंडे, चादरी, रंगीत कापडं कुणाकडे किती गेली याचा माग नाही. रॉबर्टनं उरलेला माल इतर मुलांत सारखा वाटायला सांगितला होता, देखरेख्यांच्या विचारानं.

आणि ते दोनशे वर्षं मेरी आर्डेनचं म्हणून दाखवलं गेलेलं देखणं घर? ते शेजाऱ्याचं निघालं. त्या देखरेख्यांतल्या पहिल्याचं, अ‍ॅडम पामरचं, ज्याला आर्डेनच्या गाद्या-हंड्यांची वाटणी लावल्याबद्दल वीस शिलिंग मिळायचे होते.